सेकंदकाटा बरोबर, मिनिटकाटा मागे : घड्याळदुरुस्तीच्या छंदातलं एक प्रकरण

हे प्रकरण भांडुपला राहणाऱ्या एका गृहस्थांचं आहे. त्यांच्या संमतीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चाळिशीचं, परळच्या एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवायचं काम. गिरगावातले घड्याळवाले काका त्यांना ‘दादा’ म्हणतात, तेव्हा इथेही दादाच म्हणू.

छंद म्हणून घड्याळदुरुस्ती शिकणारे बरेच जण माझ्या पाहण्यात आहेत. मशीन खोलून परत जोडायला त्यांतले बहुतेक वर्षभरात शिकतात. पण समोरचं मशीन खोलायची मुळात गरज आहे का, हे ठरवायला कुणी फारसं शिकत नाही आणि कुणी शिकवतही नाही. दादांच्या बाबतीत नेमकं हेच आडवं आलं. शिवाय घड्याळ दुसऱ्याचं होतं.

पार्श्वभूमी

सुरुवात बहुतेकांची होते तशीच झाली. घरातल्या दोन-तीन घड्याळांचे सेल बदलले, मागचं झाकण उघडायची हातोटी आली, आणि मग चावीच्या घड्याळाची भूक लागली. मटण स्ट्रीटवरून, म्हणजे आपल्या चोरबाजारातून, दादांनी बंद पडलेल्या एचएमटी ‘जनता’ घड्याळांची एक पिशवी उचलली. शिकायला ही निवड चांगली होती. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळुरात घड्याळं बनवायला घेतली, आणि ‘जनता’ हे त्यातलं घराघरांत पोहोचलेलं मॉडेल. १७ ज्वेल (चाकांची टोकं ज्यांत फिरतात असे खडे), रोज चावी द्यायची, तारीख-वाराची भानगड नाही, सेकंदाला पाच टिकटिक. कारखान्यातून नवे सुटे भाग मिळायचा प्रश्नच उरलेला नाही, कारण एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला. पण जुनी घड्याळं इतकी पडून आहेत, की एकाचा भाग काढून दुसऱ्याला बसवता येतो.

जाता जाता सांगतो. त्या पिशवीतल्या दोन घड्याळांची डायल चकचकीत होती, आणि दादा आधी त्यांच्यावरच खूश झाले. जुन्या डायलवर नवा रंग आणि नवी अक्षरं छापून विकलेल्या अशा मालाला घड्याळांच्या शौकिनांत जगभर ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराच्या नावावर ही एक कीर्तीही जमा आहे!

दादांचा हात मुळातच बसलेला. दिवसभर मेणाचे दात कोरायचे, चिमट्याने बारीक तुकडे उचलायचे. त्यामुळे पहिली ‘जनता’ त्यांनी दुसऱ्या खेपेला चालू केली. बाकीच्यांना इथवर यायला महिने लागतात. माझ्या मते हीच गोष्ट पुढे नडली.

गिरगावातल्या एका चाळीच्या जिन्याखाली काकांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, काचेची पेटी आणि मागे टांगलेली भिंतीवरची घड्याळं. रविवारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा दादा तिथे जाऊन बसायचे. काकांची शिस्त जुनी. पहिले काही रविवार त्यांनी घड्याळाला हातच लावू दिला नाही. एका भंगार मशीनचे स्क्रू काढायचे आणि लावायचे, बस. पंखा बंद. टेबलाच्या कडेला खिळ्याने अडकवलेलं फडकं छातीपर्यंत ओढून घ्यायचं, म्हणजे उडालेला भाग मांडीवर पडतो, जमिनीवर जात नाही. हे त्या फडक्याचं शहाणपण मी आजवर एकाही व्हिडिओत पाहिलेलं नाही.

व्हिडिओंचं शिक्षण वेगळं चालू होतंच. तिथे तेल तीन-चार प्रकारचं: जिथे चाक सावकाश फिरतं आणि दाब जास्त तिथे जाड, बॅलन्सच्या, म्हणजे मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाच्या, टोकांना पातळ, आणि पॅलेटच्या, म्हणजे बॅलन्स आणि बाकीची चाकं यांच्यामधल्या टिकटिक करणाऱ्या आकड्याच्या, दांडीच्या टोकांना अजिबात नाही. काकांकडे तेलाची बाटली एकच. धुणं पेट्रोलमध्ये, काचेच्या वाटीत, ब्रशने. दादांनी यावरून काकांशी एकदा वाद घातला होता आणि त्यात दादांचंच खरं होतं, असं मला वाटतं. पॅलेटचे खडे लाखेने चिकटवलेले असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे फ्रेंच पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला विचारा. आणि आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. काकांनी तीस-चाळीस वर्षं जे पेट्रोल वापरलं, ते हे पेट्रोल नव्हे. काका ऐकून म्हणाले, ‘‘माझे खडे अजून पडले नाहीत.’’ वाद तिथेच राहिला.

थोडक्यात, दादांकडे दोन गुरू होते आणि दोघांचं पटत नव्हतं. पण पुढे जे झालं, त्यात अडकलेली गोष्ट या दोघांच्या भांडणात कुठेच नव्हती.

अडचण

दादांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांचे सासरे गोदीत नोकरीला होते. त्यांचं मनगटी घड्याळ आजींकडे होतं: वेस्ट एंड वॉच कंपनीचं, सहाच्या वर सेकंदाची वेगळी छोटी तबकडी असलेलं, आकड्यांवर आणि काट्यांवर पिवळट-तपकिरी झालेला चमकता रंग. आजी ते हातात घालत नसत, देवघराशेजारच्या फळीवर ठेवून रोज संध्याकाळी दिवा लावला की चावी द्यायच्या.

तक्रार अशी होती की घड्याळ मागे पडतं. आज मिळवलं की उद्या संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं मागे. दोन वेगवेगळ्या दुकानांत सर्व्हिसिंग झालं होतं. दोन्हीकडून आल्यावर चार दिवस बरं, मग परत तेच. दादांच्या छंदाची बातमी जिन्यावरून खाली उतरलेली होतीच. आजी म्हणाल्या, ‘‘अरे, तू बघ ना एकदा. दुकानातले नुसते पैसे घेतात.’’

समोरचे पर्याय

पहिला निर्णय इथेच होता, घ्यायचं की नाही.

नाही म्हणणं सोपं नव्हतं. दादा घरी नसताना त्यांच्या मुलीला शाळेतून आल्यावर आजीच दार उघडून घेतात. अशा शेजारणीला ‘मी अजून शिकतोय’ हे कारण पुरत नाही. ते काकांकडे नेऊन देणं हा दुसरा रस्ता होता आणि सगळ्यात शहाणा होता. पण गणपती चार दिवसांवर आले होते, काका संगमेश्वरला गावी निघालेले, ते पंधरा-वीस दिवसांनी परतणार. तिसरा रस्ता म्हणजे घड्याळ ठेवून घ्यायचं, झाकणही न उघडता आठवडाभर नुसतं पाहायचं, रोजची नोंद ठेवायची. चौथा, खोलून पूर्ण सर्व्हिसिंग.

दादांच्या बायकोचा सल्ला तिसऱ्याच्या बाजूचा होता. तिचं म्हणणं साधं होतं: ‘‘दोघांनी सर्व्हिसिंग करून झालं नाही, तर तिसऱ्याने तेच करून काय होणार?’’ मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात नेमकं वाक्य हेच आहे. दादांनी त्यावर उत्तर दिलं, की त्या दोघांनी पेट्रोलमध्ये बुचकळून दिलं असणार, नीट तेल घातलं नसणार.

दुसरा निर्णय मोजमापाचा होता, आणि तो झाला हेही दादांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी मोबाइलवरच्या अ‍ॅपने घड्याळाचा आवाज मोजला. अ‍ॅप टिकटिक ऐकतं आणि दिवसाला किती पुढे-मागे जाईल ते सांगतं. त्याने सांगितलं, की घड्याळ दिवसाला जवळजवळ चार मिनिटं पुढे जातंय.

काटे सांगतात वीस मिनिटं मागे आणि टिकटिक सांगते चार मिनिटं पुढे. या दोन आकड्यांचं जुळत नाही, हाच खरा धागा होता. दादांनी अ‍ॅपवर अविश्वास दाखवला. पंख्याचा आवाज, खालून जाणारी रिक्षा, स्वस्तातला फोन, असं काहीतरी असेल म्हणून आकडा झटकून टाकला. अ‍ॅपच्या चुका होतात हे खरं. पण वीस मिनिटं मागे पडणारं घड्याळ चार मिनिटं पुढे दाखवण्याइतकी दिशाच चुकणं विरळा.

काय केलं

गणपतीच्या सुट्टीत, मुलगी आजोळी गेलेली असताना, दादांनी घड्याळ खोललं.

एक गोष्ट त्यांनी उत्तम केली आणि ती मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. काट्यांवरचा तो रंग रेडियमचा असणार, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. १९६० च्या दशकापर्यंत घड्याळांवर रेडियमचा रंग सर्रास वापरला जाई. अंधारात तो आता चमकत नाही, त्यामुळे ‘संपला असेल’ असं वाटतं. संपतो तो त्यातला चमकणारा पदार्थ. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे, म्हणजे ते अजून जवळजवळ तितकंच किरणोत्सारी आहे. काचेच्या आत बंद असेपर्यंत ठीक, धोका सुटलेल्या भुकटीचा, ती नाका-तोंडातून गेली तर. दादांनी मास्क लावला, हातमोजे घातले, टेबलावर ओलसर कागद पसरला, रबरी फुंकणी कपाटात ठेवून दिली. काटे काढून लगेच झाकणाच्या डबीत घातले. खरवडणं नाही, पुसणं नाही. नंतर तो कागद घडी घालून पिशवीत बांधून टाकला आणि टेबल ओल्या फडक्याने पुसून घेतलं. लॅबमध्ये धुळीची शिस्त असलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. चोरबाजारातून जुनी लष्करी पद्धतीची डायल आणून ब्लेडने आकडे ‘साफ’ करणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत, त्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

पुढचं काम नेहमीच्या क्रमाने. आधी स्प्रिंगमधला ताण सोडला. तो न सोडता पॅलेट काढला तर सगळी चाकं एकदम सुसाट फिरतात आणि बारीक टोकं मोडतात. दादा हे विसरले नाहीत. मग बॅलन्सचा पूल, म्हणजे त्याला वरून धरणारी पट्टी, उचलायची वेळ आली.

‘जनता’च्या बॅलन्सला धक्क्यापासून वाचवणारी योजना असते. या जुन्या घड्याळात ती नव्हती, आणि हेअरस्प्रिंगही, म्हणजे बॅलन्सला झुलवणारी वेटोळ्यांची स्प्रिंगही, आताच्या मिश्रधातूची नव्हती, निळी पोलादी होती, केसाहून बारीक. पूल उचलला की बॅलन्स त्या हेअरस्प्रिंगवरच खाली लोंबतो. तो एका झटक्यात पण अलगद उलटा करून ठेवायचा असतो. दादांनी उचलला, बॅलन्सची कड मधल्या चाकाखाली अडकली, आणि पूल वर गेला तरी बॅलन्स खालीच राहिला. हेअरस्प्रिंग ताणली गेली. सोडवून ठेवली तेव्हा तिची वेटोळी एका बाजूला चिकटलेली दिसत होती, आणि आयग्लासमधून, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगातून, पाहिलं तर सपाट राहिलेली नव्हती, छत्रीसारखी उचललेली.

इथे तिसरा निर्णय. थांबायचं की पुढे जायचं? दादा थांबले नाहीत. वेटोळी चिमट्याने सरळ करायचा प्रयत्न केला, थोडी सुटली असं वाटलं, मग धुणं, तेल, जोडणी असं सगळं पूर्ण केलं. त्यांची भूमिका अशी होती, की खोललेलं घड्याळ भाद्रपदातल्या या दमट हवेत पंधरा दिवस उघडं ठेवणं जास्त वाईट. पोलाद गंजतं, ही भीती खरी आहे. पण त्यावर साधा उपाय होता: भाग डबीत, डबीत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि झाकण बंद. खोललेल्या स्थितीत थांबणं हाही एक पर्याय असतो, हे त्या घटकेला सुचत नाही. सगळं परत जोडलं म्हणजे आपण मोडलेलं नाही, असं मनाला वाटत राहतं.

घड्याळ चाललं. अ‍ॅप आता काही धड आकडाच दाखवेना, कारण वेटोळी एकमेकांना लागली की बॅलन्स वेडावाकडा पळतो. आणि काटे? दुसऱ्या संध्याकाळी काटे पुन्हा मागेच होते.

आजींना सांगणं

दोन दिवस दादा पहिल्या मजल्यावरून जाताना पावलं चोरून गेले. सांगावं की काका आल्यावर गुपचूप दुरुस्त करून मग द्यावं? गुपचूप करण्यात एक अडचण होती. हेअरस्प्रिंग सुधारलीच नाही तर दुसरी मिळवावी लागणार, आणि या जातीच्या मशीनची ती सहज मिळत नाही. म्हणजे घड्याळ कदाचित महिनोन्महिने परत येणार नव्हतं, आणि आजी रोज संध्याकाळी विचारणार होत्या. शेवटी त्यांनी जाऊन सांगितलं: आधी होतं त्यापेक्षा बिघडलंय, माझ्याकडून बिघडलंय, काका आले की त्यांच्याकडे नेतो, खर्च माझा.

आजी म्हणाल्या, ‘‘बंद तर नाही ना पडलं? मग कशाला एवढं तोंड पाडतोस.’’ आणि मग सहज बोलत राहिल्या. पूर्वी काटे फिरवायला जरा जोर लागायचा, हल्ली चावी ओढली की भसकन फिरतात. शिवाय ते रोज सारखं मागे पडत नाही, कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास.

ही दोन्ही निरीक्षणं मिळून अख्खं निदान होतं. ती पहिल्या दिवसापासून आजींकडे होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, दोन्ही दुकानदारांनी नाही, दादांनीही नाही.

काकांच्या टेबलावर

काका आले, प्रसादाचे मोदक झाले, मग घड्याळ निघालं. काकांनी आयग्लास लावायच्या आधी चावी ओढली, काटे थोडे पुढे नेले, थोडे मागे आणले आणि घड्याळ खाली ठेवलं. ‘‘दादा, हिला पकडच नाही.’’

झालं होतं ते असं. मशीनमधल्या मधल्या चाकाच्या दांड्यावर कॅनन पिनियन नावाची एक पोकळ नळी घट्ट सरकवलेली असते. मिनिटकाटा तिच्यावर बसतो. मशीन फिरतं तेव्हा ही नळी दांड्याबरोबर फिरते, आणि आपण चावी ओढून वेळ लावतो तेव्हा ती दांड्यावर घसरते. नुसत्या घर्षणाची पकड. ती सैल झाली की मशीन आपलं बरोबर चालत राहतं, पण जरा अडथळा आला की काटे मागे राहतात. अडथळा कधी जास्त, कधी कमी, म्हणून मागे पडणंही रोज वेगळं. चाल बिघडलेली असती तर रोजचा फरक साधारण सारखा आला असता.

आधीच्या दोघांपैकी कुणीतरी काटे मागे पडतात म्हणून रेग्युलेटरचा, म्हणजे घड्याळाची चाल कमी-जास्त करायचा, लिव्हर पार फास्टकडे ढकलून ठेवला होता. अ‍ॅपवरची ती चार मिनिटं तिथून आली होती. अ‍ॅप खोटं बोलत नव्हतं.

मग काकांनी दादांना एक चाचणी दाखवली. झाकण न उघडता, हत्याराशिवाय होते, आणि कुणालाही करता येते. सेकंदकाटा साठावर असताना घड्याळ थांबवा किंवा तो साठावर यायची वाट पाहा, आणि मिनिटकाटा नेमका एखाद्या रेघेवर लावा. तीन-चार तासांनी पाहा. सेकंदकाटा साठावर आला की मिनिटकाटाही रेघेवरच हवा. घड्याळ पुढे जाऊ दे नाहीतर मागे, या दोघांचं नातं दातांनी बांधलेलं आहे, ते बदलू शकत नाही. मिनिटकाटा दोन रेघांच्या मधे लोंबकळताना दिसला, तर मधे कुठेतरी पकड सुटते आहे. इतकी साधी गोष्ट मलाही त्या दिवसापर्यंत कुणी अशी सांगितली नव्हती.

दुरुस्तीत वेळ गेला तो हेअरस्प्रिंगला. काकांनी दोन चिमटे घेतले, बॅलन्स पुलापासून सोडवून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि वेटोळं आतून बाहेर बघत गेले. जिथे पहिल्यांदा वळण चुकलंय ती जागा शोधायची, तिथेच दाबायचं, पुढच्या वेटोळ्यांना हात लावायचा नाही. पहिली चूक सरळ झाली की पुढच्या बऱ्याचशा आपोआप जागेवर येतात. मधे दोनदा त्यांनी काम ठेवून चहा घेतला. दादा म्हणतात, सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते त्या चहात: डोळा थकला की काका हात उचलून घेतात.

कॅनन पिनियनचं काम त्यामानाने चटकन झालं. तिच्या भिंतीवर कारखान्यातच एक बारीकसा खड्डा पाडलेला असतो, तोच आत दांड्याला धरून ठेवतो. वर्षानुवर्षं झिजून तो उथळ झाला होता. काकांनी नळीत शिवणाची सुई घातली, म्हणजे दाबताना नळी चपटी होत नाही, आणि बोथट पकडीने जुन्या खड्ड्यावरच हलकेच दाबलं. दादांना म्हणाले, आता तू बसव. दादांनी बसवली, पण पकड जास्त झाली होती. काटे उलटे फिरवले की सेकंदकाटाही अडखळून मागे यायला लागला. परत काढून आतून किंचित मोकळी केली, ग्रीसचा एक ठिपका दिला, आणि दांड्यावर सरकवताना बोटाला ‘टक्’ असं लागलं. काट्यांखालच्या चाकांच्या खुंटीवर जुनं तेल वाळून घट्ट झालं होतं. दादांनी तो भाग धुतलाच नव्हता. तेही साफ केलं. शेवटी रेग्युलेटर मधे आणला.

निष्पत्ती

घड्याळ आता दिवसाला मिनिटभर पुढे जातं. बॅलन्सला धक्क्यापासून वाचवणारी योजना नसलेल्या, सत्तर-ऐंशी वर्षांच्या मशीनला हे उत्तम आहे. अजून आणता येईल, पण काकांनी तिथेच थांबायला सांगितलं. हेअरस्प्रिंग एकदा वाकून सरळ झालेली आहे, तिला पुन्हा पुन्हा छेडायचं नाही.

दादांनी काकांचे पैसे दिले. काका घ्यायला तयार नव्हते, मग घेतले. आजींनी दादांना पैसे द्यायला काढले तेव्हा दादांनी ते घेतले नाहीत. त्यावर काकांनी जे सुनावलं ते मला विचार करण्यासारखं वाटतं. फुकट केलेल्या कामाची तक्रार गिऱ्हाईक करत नाही, निमूट घरी ठेवून देतं. तक्रार परत आली नाही तर आपलं काम टिकलं की नाही हे कळणार कसं? दहा रुपये घे, पण घे. दादांना हे पटलेलं नाही. शेजाऱ्यांकडून पैसे घ्यायला लागलो की छंद राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मधला मार्ग म्हणून ते आता काम झाल्यावर महिन्याने स्वतःच जाऊन विचारतात.

वेगळं काय करता आलं असतं

काका येईपर्यंत घड्याळ नुसतं ठेवून घेता आलं असतं. आजींना काही घाई नव्हती, घाई दादांच्या हाताला होती. नव्याने शिकलेलं कसब वापरायला निमित्त शोधत असतं, आणि पूर्ण सर्व्हिसिंग हे दादांना येत असलेलं एकमेव मोठं काम होतं. त्यामुळे प्रत्येक दुखणं त्यांना सर्व्हिसिंगचंच दिसत होतं. आपल्याकडे या छंदाचं शिक्षण ज्या क्रमाने होतं, त्यातच ही खोट आहे. खोलणं पहिल्या दिवशी, धुणं-तेल दुसऱ्या, आणि निदान आलं तर सगळ्यात शेवटी. काकांच्या पिढीला निदान आपोआप यायचं, कारण समोर दिवसाला वीस गिऱ्हाइकं आपापली तक्रार सांगत उभी असायची. घरी टेबलावर शिकणाऱ्याकडे ते नसतं, म्हणून त्याने ते मुद्दाम करायला हवं.

दादांनी त्यासाठी एक कार्ड बनवलंय. कुठलंही घड्याळ हातात आलं की झाकणाला हात लावण्याआधी ते भरायचं. मालकाच्या शब्दांत तक्रार. रोज सारखी की वेगळी. चावी देताना आणि काटे लावताना हाताला काय लागतं. डायल वर, डायल खाली आणि उभं धरून अ‍ॅपचे आकडे. सेकंद-मिनिटकाट्याची ती चाचणी. आणि दोन आकडे एकमेकांशी भांडत असतील तर, दादांनी लाल शाईने लिहिलंय, ‘खोलू नये.’

माझ्या मते कार्डावर अजून एक रकाना हवा: हे घड्याळ मोडलं तर दुसरं मिळेल का? ‘जनता’ असेल तर हो, पिशवीत अजून चार पडल्यात. वेस्ट एंड असेल तर नाही, आणि मग बॅलन्सला पहिला हात काकांचा. दादा म्हणतात, असा रकाना टाकला तर ते कधीच पुढे जाणार नाहीत, कारण चांगली घड्याळं सगळी त्याच रकान्यात अडकतील. आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

पेट्रोलचा वाद मात्र मिटला. पुढच्या एका रविवारी काकांच्याच वाटीत एका एचएमटी ‘कोहिनूर’च्या पॅलेटचा खडा सुटून तळाशी बसला. काकांनी तो चिमट्याने उचलून काचेवर ठेवला, दादांकडे पाहिलं नाही, आणि त्यांना कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून व्हाइट पेट्रोलची, म्हणजे इथेनॉल न मिसळलेल्या पेट्रोलची, बाटली आणायला पाठवलं.